दोन हजार तीनशे चाळीस मुके

मुलींनो, मोठीचा निरोप पोचला. मुंगसाची शेपटी तुटली आहे, ती स्वतः नवी विणून लावणार आहे, आणि तिला विचारायचे आहे की टाका कोणता घालायचा. टाक्याचे नाव मी फोनवर एका शब्दात सांगू शकले असते. पण त्याच शब्दापायी मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले होते आणि त्याच शब्दाने धाकटीला माझ्याकडे परत आणले, म्हणून लिहून पाठवते आहे. मोठी आता रविवारच्या मराठी वर्गात जोडाक्षरे वाचू लागली आहे. तिने आधी सगळे स्वतः वाचावे. शेवटी एक गोष्ट अशी आहे, की ती धाकटीला वाचून दाखवायची की नाही हे तिचे तिने ठरवावे.

तुम्ही उन्हाळ्यात कोथरूडला आलात तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला खाली एक भोक आहे. तिथून रोज सकाळी एक मुंगूस येते, पार्किंगमधल्या स्कूटरींखालून जाते आणि पाण्याच्या टाकीमागे नाहीसे होते. मी ते वर्षानुवर्षे बघत होते आणि बघून विसरत होते. धाकटीने ते पहिल्यांदा बघितले आणि ती तिथेच उकिडवी बसली, अर्धा तास. पुढचे तीन आठवडे दात घासायच्या आधी खाली जायचे, हा आमचा नेम झाला. "मुंगुशा आला?" ती कुजबुजायची. "नाही अजून." "झोपला असेल." मग आम्ही दोघी थांबायचो.

तुम्ही अमेरिकेला परत गेल्यावर काही महिने ती फोनवर आधी हेच विचारी: "मुंगुशा आला?" मी रीतसर उत्तर देई, किती वाजता आला, कुठून गेला. मग तिची शाळा सुरू झाली, मैत्रिणी झाल्या, आणि प्रश्न थांबला. पुढे पुढे तर पडद्यावरून धावत जाणारे तिचे कोपर तेवढे दिसे. तुमचा बाबा तिला धरून आणी. "आजीशी बोल." "हाय आजी. बाय आजी." यात तिचा काही दोष नव्हता. माझ्यापाशी तरी "जेवलीस का?" याखेरीज विचारण्यासारखे काय होते? ती मला विसरेल अशी भीती मला नव्हती, फोटो असतात. ती मला ओळखेल, पण आमच्या दोघींत बोलायला काही उरणार नाही, ही भीती होती. ती मी कोणाला सांगितली नाही.

मोठीच्या मात्र ते लक्षात आले असावे. तिने मला एक नमुना पाठवला आणि खाली लिहिले, की आजी, मुंगसाचा नमुना कुठेच मिळत नाही, हा पाणमांजराचा आहे, तू त्याचे मुंगूस कर, बाबा पुढच्या महिन्यात तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर दे. तेव्हा ती दहा वर्षांची होती. सरकारी नोकरीत मी पुष्कळ आदेश वाचले, इतका नेमका क्वचितच.

नमुना छापून आणला, पाने टाचली, आणि कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातून माझी क्रोशाची सुई काढली. त्या सुईविषयी थोडे सांगायला हवे.

तुमचे पणजोबा, माझे वडील, विदर्भातून इथे आले आणि खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यानंतरच्या वर्षांतला माझा जन्म. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचे हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवले होते. त्यासाठी त्यांना किती दारांशी उभे राहावे लागले हे मला फार उशिरा कळले. शाळेत शिवणकामाचा तास असे. पहिल्या तासाला सगळ्या मुलींनी क्रोशाची सुई आणली, माझ्याकडे नव्हती. वडिलांनी सायकलच्या चाकातली एक जुनी स्पोक घेतली आणि दोन-तीन सुट्ट्या दाराच्या पायरीवर बसून ती घासली. टोकाला खाच पाडली, वर बांबूची मूठ बसवली. मधून मधून ते टोक स्वतःच्या ओठाला लावून बघत, टोचते का म्हणून.

त्यानंतर संध्याकाळी मी विणायला बसले की ते म्हणत, "आज काय शिकवलं, नाव सांग." मी सांगे, "सिंगल क्रोशे. डबल क्रोशे. ट्रेबल." त्यांना विणकामातले काही कळत नव्हते. मुलीच्या तोंडून ते शब्द ऐकायचे होते, एवढेच. म्हणून ते शब्द माझ्या डोक्यात अगदी पक्के बसले.

आणि तिथेच घोटाळा झाला. मोठीच्या नमुन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच टाका होता, सिंगल क्रोशे. आमच्या शाळेतल्या जुन्या इंग्लिश पुस्तकात सिंगल क्रोशे म्हणजे सगळ्यात बुटका टाका: सुई घालायची आणि दोरा एकाच ओढीत पार बाहेर काढायचा. आम्ही तो फक्त जोडकामाला वापरत असू. सगळे जनावर या टाक्याने कसे होईल, असे मनात आले. पण लिहिलेले आहे तसे करायचे, ही माझी सवय. केले. तिसऱ्या फेरीपासून सुई आत शिरेना. पाचव्या फेरीला अंगठा सुजला. उसवले, पुन्हा केले. असे तीनदा झाले. हाती आला तो सुपारीएवढा एक कडक गोळा. तुमच्या बाबाचे इकडे यायचे विमान आठ दिवसांवर आले होते. मला वाटले, हात गेला. मग वाटले डोळे गेले. शेवटी मी दोऱ्याला दोष दिला आणि रिक्षा करून कसबा पेठेत गेले, जिथून तो आणला होता.

ते दुकान म्हणजे एका बोळातली जेमतेम एक खोली. खालपासून वरपर्यंत लोकर आणि दोरे, आणि मधे माझ्याच वयाच्या एक बाई, नाकावर चष्मा, हातात विणकाम. मी तक्रार मांडली.

"तुमचा दोरा फार घट्ट आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "दोरा घट्ट नसतो. हात घट्ट असतो."

मी गोळा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, काउंटरवर टक टक आपटून बघितला.

"काय आहे हे?"

"मुंगूस."

"अस्सं. मला वाटलं सुतळी बॉम्ब. दिवाळी झाली, बाई."

दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या माणसाच्या मुलीला हे ऐकावे लागले. मी नमुन्याची पाने पुढे केली, लाल शाईने खुणा केलेली.

"इंग्रजी मला येत नाही," त्या म्हणाल्या. "चित्र दाखवा."

चित्र त्यांनी दाराच्या उजेडात नेऊन बघितले. "हे सगळे मुके खांब आहेत. तुम्ही काय घातलंत?"

"सिंगल."

"सिंगल काय, डबल काय, ऑम्लेट आहे का? मुका खांब. असा." त्यांनी स्वतःचे काम बाजूला ठेवले आणि माझ्या दोऱ्यावर एक टाका घातला. सुई आत घातली, दोरा ओढला, सुईवर दोन वेढे झाले. पुन्हा दोरा घेतला आणि दोन्ही वेढ्यांतून काढला. दोन ओढी. मी एकच ओढत होते.

"शाळेत शिकलात वाटतं?"

"हो. खडकीला."

"तरीच. मला सासूबाईंनी शिकवलं. शाळेत गेले असते तर मीही बॉम्बच केला असता."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि दोन फेऱ्या त्यांच्यासमोर करायला लावल्या. त्यांची जेवायची वेळ होऊन गेली होती. गिऱ्हाईक आले तर "थांबा, इथे शिकवणी चालू आहे" असे सांगितले. तेवढ्यात त्यांचे लक्ष सुईकडे गेले. त्यांनी ती मागून घेतली, अंगठ्याच्या नखावरून फिरवली.

"ही कुठली?"

"वडिलांनी केली. सायकलच्या स्पोकची."

"घासलीय छान. कुठं अडकत नाही." सुई परत देताना म्हणाल्या, "जपून काम करणारा माणूस."

माझ्या वडिलांना असे म्हणणारे त्यांच्या आयुष्यात फार थोडे भेटले. त्या बाईंचे मी त्या दिवशी नुसते तोंडदेखले आभार मानले. खरे आभार इथे मानते.

घरी आल्यावर मी शोध घेतला. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात टाक्यांची नावे एका पायरीने सरकलेली आहेत. आम्हाला शाळेत डबल क्रोशे म्हणून शिकवले त्यालाच अमेरिकेत सिंगल म्हणतात, आणि मराठीत मुका खांब. म्हणजे तो टाका मला पहिल्यापासून येत होता. पायरीवर बसलेल्या माझ्या वडिलांना मी रोज त्याचेच नाव ऐकवत होते. तुमच्या बाबाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई, म्हणजे तुझं इंग्रजी जरा जास्तच इंग्रजी निघालं." हसले मी, पण मनावरचा मोठा दगड उतरला. शब्द खोटे नव्हते आणि हातही गेला नव्हता.

त्यानंतर काम सरळ चालले. एक करडा आणि एक तपकिरी असे दोन बारीक दोरे एकत्र घेतले, कारण मुंगसाच्या केसांत दोन्ही रंग असतात. पाणमांजराचे तोंड बोथट होते, ते निमुळते केले. कान लहान केले, शेपटी दुप्पट लांबवली. डोळे दोऱ्यानेच भरले. आत धाकटी ज्या उशीवर झोपली होती तिच्यातला कापूस घातला. प्रत्येक फेरीचे टाके वहीत मांडत गेले. शेपटी शिवायची राहिली होती, ती तुमचा बाबा निघाला त्या दिवशी सकाळी शिवली. तो दारात बॅग घेऊन उभा. "आई, मुंगसाचा व्हिसा झाला का?"

"गप्प बस आणि गाठ मारायला बोट ठेव."

चार दिवसांनी फोन आला. पडदा नुसता तपकिरी दिसत होता, कारण धाकटीने मुंगूस कॅमेऱ्यालाच टेकवले होते. मग त्याच्या मागून ती आली. मुंगसाच्या पोटावरून बोट फिरवत होती, एकेका टाक्यावरून.

"आजी, हे कशाचं केलंस?"

मी सांगू लागले, "दोऱ्याचं. सगळे मुके आहेत बघ, मुके खां..."

"मुके?" तिचे बोट थांबले. "सगळे?"

"सगळे."

"किती?"

वही माझ्या पुढ्यात होती. "दोन हजार तीनशे चाळीस."

तिने मुंगसाकडे बघितले, मग माझ्याकडे. घरात झोपताना "आईला मुका दे, बाबाला मुका दे" एवढ्यापुरताच तो शब्द तिला ठाऊक होता. न बोलणारा तोही मुका, हे तिला माहीत असायचे कारण नव्हते. मी आयुष्यभर कार्यालयात इतरांच्या टिपणांतले चुकलेले शब्द लाल शाईने सुधारले आहेत. दुरुस्ती जिभेवर आली होती. तेवढ्यात ती म्हणाली, "मग मला पण द्यावे लागतील," आणि तिने मुंगसाच्या नाकावर ओठ टेकवून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. एकोणीसपर्यंत आली आणि अडली.

"एकोणीसच्या नंतर काय असतं?"

"वीस."

"वीस. बाकीचे पुढच्या रविवारी."

मी तोंड मिटून घेतले. माझ्या नोकरीत अशी चूक मी एकही जाऊ दिली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी वीस. एकोणतीस आणि एकोणचाळीसला आमची भांडणे झाली. त्रेसष्ट म्हणताना तिचा दात पडला. मोजून झाले की ती उरलेल्या बातम्या सांगते, आणि "मुंगुशा आला?" हेही पुन्हा विचारते. मध्ये तुमच्या परीक्षा आणि तापामुळे काही रविवार चुकले, पण आकडा ती विसरत नाही.

तर मोठीला उत्तर: टाका मुका खांब, सुरुवात सहा टाक्यांनी, प्रत्येक ओढीला हात सैल. तुमच्याकडच्या नमुन्यात त्याला सिंगल म्हटलेले असेल, तिकडे तेच बरोबर. खऱ्या अर्थाचे काय करायचे ते तिने बघावे. मी दुरुस्ती करणार नाही. सुई मात्र मागू नये. ती अजून मला लागते.

मुंगसाचा एक डोळा गेला आहे, कापूस पोटात एका बाजूला सरकला आहे, मोठी त्याला नवी शेपटी लावील. वडिलांनी घासलेली सुई डब्यात आहे. गेल्या रविवारी आम्ही एक हजार एकशे साठवर थांबलो. अजून एक हजार एकशे ऐंशी बाकी आहेत.