पाणी न पिणारे व्याही

शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस जन्मला नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याच्या हट्टापुढं सगळं गाव हात टेकतं. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील, मुरबाडकडचे. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. आता कोण पाळतो? पण व्याही यायचे ते खांद्याला पाण्याची बाटली लावून, फडक्यात भाकरी बांधून, आणि माझ्याच ओटीवर बसून माझ्यादेखत आपलं पाणी प्यायचे. "आमच्या विहिरीत काय मगर हाय?" मी एकदा डिवचलं. "विहीर चांगली हाय, व्याहीबुवा. पण रीत ती रीत." लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, म्हणून बाटलीही सुटली नव्हती.

त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. मुंबईच्या दवाखान्यात कुणा बाईनं ध्यान शिकवलं, ते त्यांनी धरलं ते धरलंच. स्टँडवर डोळे मिटून बसायचे, समोरून एसटी निघून जायची. "दुसरी येल," म्हणायचे. एकदा भाताची राखण करायला गेले आणि बांधावर ध्यानाला बसले. पोपटांनी लोंब्या उतरवून नेल्या. विहीणबाई ओरडल्या तर म्हणाले, "आयकत व्हतो की त्यांचा आवाज. मन कुठंच गेलं नाय." मन नव्हतं गेलं, भात गेलं.

मग माझ्याच घशात गाठ निघाली. मुंबईच्या दवाखान्यात किरणांचा शेक द्यायला नेलं. तिथं तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला पक्का करतात आणि हलू नका म्हणतात. मी हातपाय आपटून तो काढायला लावला आणि घरी निघून आलो. मुलगा पाया पडला, सून रडली. मी म्हणालो, "मरेन, पण बांधून घेणार नाय."

तिसऱ्या दिवशी व्याही पाट मांडून समोर बसले. "डोळे मिटा."

मी मुलाचा बाप! मुलीच्या बापानं मला हुकूम सोडायचा? "ध्यानानं गाठ जाती काय?"

"नाय जात. गाठीला शेकच पायजे. ह्यानं फकस्त माणूस जागेवर ऱ्हातो." मग म्हणाले, "आवणीला तुमी सगळं शेत बगत बसता काय? हातातलं रोप चिखलात लावायचं, एक पाऊल मागं सरायचं. श्वास तसाच. एक लावा, मागं सरा."

मी हळूच एक डोळा उघडला. त्यांचे दोन्ही मिटलेले, तरी म्हणाले, "मिटा." कसं कळायचं, देव जाणे! आठवडाभर रोज सकाळच्या एसटीनं आले, स्वतःचं पाणी प्याले, मला "मिटा" म्हणाले आणि गेले. आठव्या दिवशी मी मुखवट्याखाली आडवा झालो आणि मनातल्या मनात आमचं विहिरीजवळचं खाचर लावायला घेतलं. सगळे शेक संपले तोवर आमची सगळी शेतं तीनदा लावून झाली होती. आवाज बसला, चव गेली, मी राहिलो.

दोन वर्षांनी नात झाली. तोवर व्याह्यांचं दुखणं उलटलं होतं. माझ्या मुलानं धरून ओटीवर बसवलं. खांद्याला बाटली नव्हती. "आता द्या पाणी, व्याहीबुवा."

सून उठली, तिला मी बसवलं. स्वतः विहिरीवर गेलो, ताजं पाणी ओढलं, तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला. तो उतरेना. तोंडात धरून, डोळे मिटून बसून राहिले. किती वेळ! आम्ही कुणी हललो नाही. शेवटी उतरला. "गोड हाय," म्हणाले.

त्या पावसाळ्यात ते गेले. मुलगा-सून नोकरीपायी कल्याणला राहतात, नातही तिकडंच. सकाळी ओटीवर मी एकटा बसतो. समोर त्यांचा पाट मांडतो, पाण्याचा तांब्या ठेवतो. चार रोपं लावून होतात न होतात तोच मुद्दाम एक डोळा उघडतो आणि थांबतो. कुणी काही बोलत नाही. मग मीच मिटतो.