शिवप्पामामांनी फ्रीजला दिलेली सुट्टी

धाराशिवच्या कॉलेजात, प्रयोगशाळेचं काम बघता बघता शिवप्पामामांना एकतीस वर्षं झाली. काचेची नळी त्यांच्या हातून कधी फुटली नाही, आणि फुटली असली तर तुकडे कुणाला सापडले नाहीत. गडी अणदूरचा, खिशात खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी कायम. यंत्र त्यांना मुक्या जनावरासारखं वाटायचं. अडलेल्या यंत्राला सर शिव्या द्यायचे, मामा थोपटायचे, आणि यंत्र ऐकायचं मामांचं.

बेंबळीची संघप्रिया तिथंच संशोधन करायची. कळंबच्या एका तेलगिरणीच्या गटारात तिला चरबी पचवणारं एन्झाइम बनवणारा जिवाणू सापडला होता. त्याचं जनुक काढून ती प्रयोगशाळेतल्या पाळीव जिवाणूत घालायची.

"गटारातल्याची कला घरातल्याला शिकवायची, मामा."

"आमच्या थोरल्याला दहावी शिकवता आली न्हाय, आन् तू जिवाणूला शिकीव!"

तीन वर्षं जिवाणू शिकेना. फेलोशिप महिनाअखेर संपणार, आणि नवमीच्या सकाळी चरबी घातलेल्या दुधाळ प्लेटवर जिवाणूंच्या एका ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं. पाळीव जिवाणूनं चरबी पचवली होती. शेकड्यांत तो एकच.

संघप्रियानं प्लेट फ्रीजमध्ये ठेवली. "धम्मचक्र दिनाला घरी चाललेय. परवा येऊन त्याची साठवण करते. जीव हाय माझा त्यात, मामा. जपा."

"निवांत जा गं बाय."

मामांनी जपलं. खंडेनवमी होती. त्यांनी यंत्रं पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. या दिवशी अवजारानं राबायचं नसतं. नांगर बसतो, तराजू बसतो. हा फ्रीज मात्र बारा वर्षांत एक दिवस बसला नव्हता. मामांनी पिन काढली.

"बस जरा, बाबा."

तिसऱ्या दिवशी संघप्रियानं दार उघडलं तर आतून आंबूस वाफ आली. प्लेटवर बुरशी, आणि जनुक नसलेल्या फुकट्या ठिपक्यांची जत्रा. ते कडं त्यात कुठंतरी बुडालं होतं.

"मामा, फ्रीज कुणी बंद केला?"

"म्या. नवमी व्हती ना..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं झेंडूची माळ बाजूला सारली आणि निर्जंतुक काड्यांचा डबा काढला.

मग त्यातला कडंवाला कुठला ते शोधायला दोघांनी एकेका काडीनं एकेक ठिपका उचलून नव्या दुधाळ प्लेटांवर टेकवला. दोनशे बारा ठिपके. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लेटा खिडकीच्या उजेडाला धरल्या. ठिपके टम्म वाढले होते. कडं कुणाभोवतीच नव्हतं.

"ही बघ की. हितं जरा उजळ दिसतंय." मामा शेवटची प्लेट तिसऱ्यांदा दाखवत होते.

"न्हाय मामा. तुमचा अंगठा उमटलाय झाकणावर."

मामांनी झाकण सदऱ्याला पुसलं, आणि प्लेट पुन्हा उजेडाला धरली.