कुसुमताईंचा डावा पाय

कुसुमताई लोमटे यांच्याविषयी चाकणच्या त्या कारखान्यात दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जात. एक, त्यांच्या हाताखालून खराब नग सुटत नाही. दुसरी, दहावीपर्यंत त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती, म्हणूनच त्या आजही शर्यतीत अनवाणी धावतात. पहिल्या गोष्टीला कागदाचा आधार होता. गेल्या नऊ वर्षांत त्यांच्या सहीने बाहेर पडलेल्या मालाची एकही पेटी ग्राहकाकडून परत आली नव्हती. दुसरी मात्र निव्वळ दंतकथा होती. कळंब तालुक्यातल्या त्यांच्या गावी त्यांना चप्पल होती. ती झिजू नये म्हणून शाळेच्या फाटकापर्यंत त्या ती दप्तरात घालून नेत, एवढेच. "चप्पल नव्हती असं न्हाई बायांनो, चपलेचा जीव जपत होते मी," असे त्या जेवणाच्या सुट्टीत अनेकदा सांगत. पण खरी हकिकत दंतकथेहून फिकी असते. ती पुढे कोणी नेली नाही.

धावणे सुरू झाले तेही हौसेने नव्हे. त्रेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. काळेवाडीहून थेरगावच्या मैदानापर्यंत त्या पहाटे जाऊ लागल्या. आठ-आठ तास पोलादी टोपीच्या सेफ्टी बुटांत कोंबलेली बोटे त्या मैदानाच्या मातीवर सुटी झाली. एके दिवशी त्यांनी चपला कडेला काढून ठेवल्या आणि एक फेरी पळून पाहिली. पुढे चालण्याचे धावणे झाले, आणि चपला कडेलाच राहिल्या.

त्यामागे त्यांचा एक हिशोबी विश्वास होता. यंत्रावरून उतरलेल्या नगाच्या काठाला धातूची बारीक धार राहते. तिला तिथे 'बर' म्हणतात. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. बोटाला जे कळते ते तळव्याला का कळू नये? खडा कुठे आहे, डांबर कुठे उखडले आहे, जमीन कुठे उतरते आहे, हे तळवा आधी सांगतो आणि पाय मग पडतो. औद्योगिक वसाहतीच्या वार्षिक दहा किलोमीटर दौडीत त्या सलग तीन वर्षे अनवाणी धावल्या. मागच्या वर्षी त्यांच्या वयोगटात त्या पहिल्या आल्या असे सगळे म्हणत. प्रमाणपत्रावर 'तृतीय' असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि ते त्यांनी घरात सर्वांना वाचता येईल असे लावले होते.

यंदा त्या एकोणपन्नासाच्या झाल्या, आणि यंदाच कंपनीने त्यांचा फ्लेक्स लावायचे ठरवले. मनुष्यबळ विभागाचे निमिष साहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले.

"ताई, गेटवर आठ फुटी फ्लेक्स लागणार. खाली फक्त तुमचे पाय, वर 'अनवाणी जिद्द'. कसं वाटतं?"

"तोंड न्हाई का साहेब?"

"तोंड कोपऱ्यात आहे ना, गोल चौकटीत."

"मग ठीक. पाहुणे आले तर ओळखतील तरी," कुसुमताई म्हणाल्या, आणि शेजारच्या टेबलावरची आम्रपाली पदर तोंडाला लावून हसली.

डिसेंबरात कारखान्यात आरोग्य शिबिर झाले. साखर असलेल्यांचे पाय तपासायला डॉक्टरीणबाई एक बारीक ताठ नायलॉनचा दोरा घेऊन बसल्या होत्या. डोळे मिटायचे, आणि तळव्याला दोरा टेकला की 'हो' म्हणायचे; इतकी साधी तपासणी. उजव्या पायावर कुसुमताईंनी दहा वेळा 'हो' म्हटले. डाव्या पायावर चौथ्या खेपेला त्या वाट पाहत राहिल्या. काहीच टेकल्यासारखे वाटले नाही. पण तोवर त्यांच्या कानांनी डॉक्टरीणबाईंची लय पकडली होती: खुर्चीची कुरकुर, एक श्वास, आणि दोरा. कुरकुर झाली, श्वास झाला. कुसुमताई "हो" म्हणाल्या. कार्डावर शेरा पडला: दोन्ही पाय, संवेदना सामान्य.

आपण खोटे बोललो असे त्यांना त्या वेळी वाटले नाही. दोरा टेकला असणारच, मग 'हो' म्हटले तर चुकले कुठे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. उत्तर बरोबर होते. फक्त ते पायाने दिलेले नव्हते.

दौडीला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी त्या मैदानावरून परतल्या आणि ओट्यापाशी चहा टाकायला उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान किसनराव काळेवाडीतच पंक्चरचे दुकान चालवतात. ते दारातून आत येता येता थबकले.

"अगं, फरशीवर हे काय सांडलंय? कुंकू?"

दारापासून ओट्यापर्यंत, एक पाऊल सोडून एक, असे लाल ठिपके होते. कुसुमताईंनी डावा पाय उचलून पाहिला. अंगठ्याच्या मागे, चवड्यात, लेथवरच्या लोखंडी किसाचे एक वळलेले कातरण रुतले होते. असा कीस कामगारांच्या बुटांना चिकटून या भागातल्या रस्त्यांवर, जिन्यांवर, कधी अंथरुणातही पोचतो. त्यात नवल काही नव्हते. नवल हे होते की त्या त्यावरून निदान अर्धा किलोमीटर चालत आल्या होत्या.

किसनरावांनी दुकानातला चिमटा आणला, कातरण उपसले, उजेडात धरून पाहिले.

"दुखलं न्हाई?"

"आता दुखतंय की," त्या म्हणाल्या. ते खरे नव्हते.

"कुसुम, पंक्चर हवा गेल्यावर कळतं. खिळा घुसताना टायरला काय बी कळत न्हाई." एवढे बोलून ते हात धुवायला गेले.

त्यांची मुलगी दिव्या हिंजवडीत नोकरीला आहे. तिने चार दिवसांत एक खोके आणून आईपुढे ठेवले. आत बूट होते, पण बोटांना ऐसपैस जागा असलेले, आणि तळवा इतका पातळ की घडी घालून खिशात ठेवावेत.

"अनवाणीसारखंच वाटतं आई. फक्त मध्ये एक पापुद्रा."

"मोजा वाटतोय गं मला. दुकानदार बूट द्यायचाच विसरला का काय?"

"घालून तर बघ! नाहीतर तू सरळ अनवाणी पळ आणि मी मागून चिमटा घेऊन येते."

कुसुमताईंनी ते घालून मैदानाच्या सहा फेऱ्या मारल्या. बूट वाईट नव्हते, बोटे मोकळी होती. तरी त्यांचे मन बसेना. माती लांबून बोलल्यासारखी वाटे. लग्नघरात शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू यावे पण शब्द लागू नयेत, तसे. शिवाय गेटवर आता फ्लेक्स लागला होता. रोज सकाळी कंपनीची बस आत वळली की स्वतःचे आठ फुटी उघडे पाय त्यांच्या अंगावर येत, आणि बसमधले कोणीतरी हमखास ओरडे, "ताई, पाय धुऊन घ्या, धूळ बसलीय!" तीन वर्षे जे पाय उघडे होते, ते नेमके फ्लेक्स लागल्यावर झाकायचे? लोक म्हणतील, म्हातारी झाली. त्याहून वाईट म्हणजे, ते खरे असेल. बूट घालणे म्हणजे आपला पाय मुका झाला हे कबूल करणे, आणि जिचा हात-पाय मुका, ती कसली तपासनीस? या एका गाठीशी त्या दोन आठवडे अडून बसल्या. खोके पलंगाखाली गेले.

दौडीच्या आधीच्या बुधवारी, दुपारच्या सुमारास, आम्रपाली एका बुशाच्या, म्हणजे छोट्या पोलादी नळकांड्याच्या, भोकात गेज घालून पाहत होती. हा गेज म्हणजे अचूक मापाची पोलादी दांडी. ती भोकात गेली तर माप बरोबर. तपासलेल्या चांगल्या नगावर हिरवा ठिपका, टाकाऊवर लाल, आणि दुरुस्तीनंतर चालेल अशावर पिवळा. आम्रपालीची दांडी तोंडाशी अडली. तिने तळहाताने तिला हळूच चापट मारली. दांडी आत गेली. तिने हिरव्या रंगाकडे हात नेला.

"थांब," कुसुमताई म्हणाल्या. "काय केलंस?"

"गेला की ताई गेज."

"गेला न्हाई, तू घातलास. गेज आपल्या वजनानं गेला पाहिजे. ढकलून आत घातलेला गेज काय मापतो? तुझ्या हाताचा जोर मापतो. नगाचं माप कुठाय त्यात?"

"इतकुसं तर होतं..."

"इतकुसंच मापायला बसवलंय आपल्याला."

आम्रपालीने मान खाली घालून नग पिवळ्या ट्रेमध्ये ठेवला. कुसुमताई पुढचा नग उचलायला वळल्या आणि त्यांचा हात तसाच राहिला. खुर्चीची कुरकुर, एक श्वास, "हो". त्यांनीही चापटच मारली होती.

गुरुवारी प्रथमोपचाराच्या खोलीत डॉक्टरीणबाई येतात. कुसुमताई सुट्टी होताच तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, माझ्या कार्डावरचा शेरा चुकलाय."

"चुकलाय? मी स्वतः तपासलं होतं की तुम्हाला."

"तुमचं न्हाई चुकलं. मी तुमच्या खुर्चीच्या आवाजावर 'हो' म्हणत होते. पुन्हा तपासा. आणि या खेपेला मधे मधे नुसतंच थांबा, दोरा टेकवू नका."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे कार्ड पुन्हा पुढे ओढले. मग खुर्ची बाजूला सारून त्या जमिनीवरच बसल्या. या वेळी पाच मिनिटांचे काम पंधरा मिनिटे चालले. उजवा पाय: दहापैकी दहा. डावा: दहापैकी सात. अंगठ्यामागचा चवडा, करंगळीचे मूळ आणि टाचेची आतली कड या तीन जागा गप्प होत्या. जुना शेरा खोडून त्यावर सही झाली, नवा शेरा तारखेसह खाली लिहिला गेला. तो पूर्ण वाचूनच कुसुमताई उठल्या.

"अनवाणी अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मैदानावर नाही, घरातसुद्धा नाही. आणि मला विचाराल तर जाड तळव्याचे बूट घ्या."

"पातळ तळव्याचे हायत घरी. पोरीनं आणलेत."

"मला ते फारसे पसंत नाहीत. पण अनवाणीपेक्षा शंभर पटींनी बरे. घातलेत, तर मधे थांबून पाय बघावा लागेल. जे कळत नाही ते बघायचं."

हे मात्र कुसुमताईंना लगेच उमगले. कारखान्यात यंत्रावर विश्वास असला तरी दर पन्नास नगांमागे एक काढून पाहतात. त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. घरी आल्यावर त्यांनी खोके पलंगाखालून ओढले आणि डाव्या बुटाच्या जिभेवर, आतल्या बाजूने, कारखान्यातल्या रंगाच्या पेनने एक पिवळा ठिपका दिला.

निमिष साहेबांना त्यांनी शुक्रवारीच सांगून टाकले.

"ताई! फ्लेक्स छापून लागलाय हो!"

"फ्लेक्सचे पाय अनवाणीच राहू द्या साहेब. त्यांना साखर न्हाई."

रविवारी सकाळी धुके होते. दौड कंपनीच्या गेटसमोरूनच सुटून तिथेच संपायची होती. सुरुवातीच्या रेषेवर आम्रपालीने त्यांचे पाय पाहिले, फ्लेक्सकडे पाहिले, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या एका कंपनीतल्या पोरांचा घोळका मागे होता. त्यातला एक म्हणालाच, "काकू, अनवाणीची जिद्द कुठं गेली?"

"धुवायला टाकलीय," कुसुमताई म्हणाल्या, आणि शिट्टी वाजली.

तिसऱ्या किलोमीटरला त्या रस्त्याच्या कडेला दुभाजकावर टेकल्या. डावा बूट काढला आणि खिशातून लांब दांडीचा, रुपयाएवढा आरसा काढला. खोल भोकाच्या आतली भिंत पाहायला त्या तो रोज वापरतात. त्यांनी तळवा कडेकडेने पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, बूट उलटा करून झटकला, पुन्हा घातला. माणसे पुढे जात राहिली. सहाव्या किलोमीटरला पुन्हा तेच. तिथे मघाचाच घोळका धापा टाकत त्यांच्या जवळून गेला.

"काकू, मेकअप चाललाय का?"

"व्हय रे भावा, पायाचा. तू पळ, तुझी शिफ्ट चुकंल."

पोरे हसली, कुसुमताईही हसल्या. पण आठव्या किलोमीटरला ज्या बायकांना त्यांनी मागच्या वर्षी मागे टाकले होते, त्यातल्या दोघी पुढे निघून गेल्या, तेव्हा हसू आले नाही. पाय अजून जोर धरून होते. नववा येत होता, तिथे थांबायचे ठरले होते. न थांबता गेले तर त्या दोघी हाताशी होत्या, आणि पुढे एकच किलोमीटर उरत होता. कुसुमताईंनी नववी खूण पाहिली, पुढच्या दोन पाठी पाहिल्या, आणि कडेला टेकून बूट काढला.

मागच्या वर्षीपेक्षा चौदा मिनिटे उशिरा त्या पोचल्या. वयोगटात अकराव्या. शेवटच्या कमानीपाशी निमिष साहेब फोन सरसावून उभे होते. "ताई, निदान फोटोपुरते तरी काढा ना बूट!"

"काढणारच हाय," त्या म्हणाल्या. आपल्याच आठ फुटी पायांच्या सावलीत त्या खाली बसल्या, डावा बूट काढला आणि आरसा लावला. किसनराव दुकान उघडायचे सोडून आले होते. ते गर्दीतून वाट काढत जवळ आले आणि उकिडवे बसले.

"काय म्हणतंय टायर?"

अंगठ्यामागच्या चवड्यावर, त्या गप्प जागेवर, शिवणीच्या घर्षणाने एक लालसर चट्टा उठला होता. फोड अजून आला नव्हता. तो त्यांना जाणवला नव्हता, दिसला होता. कुसुमताईंनी आरसा थोडा कलता केला, म्हणजे किसनरावांनाही तो चट्टा दिसावा.

"पंक्चर न्हाई," त्या म्हणाल्या. "पण झिजतंय. बुटाची ही शिवण बदलून घ्यावी लागंल."