तिलेकने काढलेला फोटो

आमच्या अत-बाशी गावच्या बाजारात मेदेरबेकचं फोटोचं दुकान माझ्या चहाच्या टपरीला लागूनच आहे. माणूस वाईट नाही, पण नीटनेटकेपणाचा त्याला रोग आहे. फोटोत डोंगर तिरका दिसला की याला घास उतरत नाही. तो सरळ करायचा, मळकं आभाळ उजळायचं, काळवंडलेल्या उतारावरचं गवत हिरवं करायचं, विजेच्या तारा पुसायच्या. वर गिऱ्हाइकाचा घोळ नको म्हणून मोबाइलमधला जुना फोटो काढून त्या जागी नवा ठेवायचा. न विचारता दुसऱ्याच्या घरात झाडू मारू नये, असं मी त्याला कितीदा सांगितलं. तो नुसता हसायचा.

त्या उन्हाळ्यात आयिमकान आपा त्याच्याकडे आली. तिचा तिलेक आदल्या वर्षी नदी ओलांडताना वाहून गेला होता. घोडा एकटाच परत आला, पोरगा सापडलाच नाही. आता त्याच्या नावाने वर्षाचं जेवण घालायचं होतं आणि पाहुण्यांच्या तंबूत लावायला फोटो हवा होता. तिलेक जन्माचा लाजाळू, कुणी फोटो काढायला लागलं की घोड्याआड दडायचा. त्याचा मोबाइल तेवढा मागे राहिला होता आणि त्यात शेवटच्या संध्याकाळी त्याने काढलेला कुरणाचा एक फोटो होता. मोबाइल त्याच्यापुढे ठेवून, हाच मोठा करून दे, एवढंच आपा म्हणाली. आणखी बोलली असती तर रडली असती, आणि बाजारात तिला रडायचं नव्हतं.

फोटो खरंच बिघडलेला होता. डोंगर कललेला, आभाळ राखेसारखं, आणि मावळत्या उन्हात पुढच्या गवतावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडलेली, डोक्यावर उंच टोपी. आमच्यात पुरुषाची टोपी जमिनीला टेकवत नाहीत. मेदेरबेकला वाटलं, गाव जेवायला येणार आणि मेलेल्याच्या फोटोत टोपी अशी गवतात लोळलेली, हे बरं दिसत नाही. आदर म्हणूनच त्याने ती सावली पुसली. आजूबाजूचं गवत उचलून तिच्यावर असं बेमालूम पेरलं की तिथे कधी काही होतं हे कुणाला कळू नये.

आपा फोटो न्यायला आली तेव्हा तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोटाने ते गवत चाचपलं.

"इथे माझा मुलगा होता."

मेदेरबेकला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. त्याने मोबाइल धुंडाळला, संगणक धुंडाळला, सगळीकडे तेच स्वच्छ गवत. सावली परत घालून देतो म्हणाला, स्वतःच टोपी घालून कुरणात उभा राहतो म्हणाला.

"तुझी सावली तुझ्या आईला दे," आपा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. फोटो शालीत गुंडाळून ती निघून गेली.

जेवणाला जायला मेदेरबेक तयार नव्हता. मीच त्याला दंडाला धरून नेलं. न जाणं म्हणजे जखमेवर मीठच होतं. फोटो तंबूत मानाच्या जागी लावला होता. आलेला प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबायचा, काय हिरवंगार कुरण, काय निळं आभाळ म्हणायचा. मेदेरबेक खाली मान घालून बसला. आपाने त्याच्या हातात चहाची वाटी दिली आणि त्याच्याजवळ टेकली.

"सकाळपासून सगळे विचारतायत, फोटो कुठला," ती हळूच म्हणाली. "काढला कुणी, ते कुणीच विचारलं नाही रे."