बोंबीलवाल्या मावशी

डॉग शोच्या रिंगमध्ये उतरल्या की मावशी आधी वारा कुठून येतोय ते बघायच्या. बाकीचे लोक कोट-टाय घालून, खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे घेऊन आलेले असायचे. कुत्र्यानं परीक्षकासमोर मालकाच्या हाताकडे बघत निश्चल उभं राहावं, म्हणून ही लाच. मावशींची लाच म्हणजे सुका बोंबील. पांढरे कॅनव्हासचे बूट, वर खोचलेली साडी आणि कमरेच्या बटव्यात बोंबील, असा सगळा थाट. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जागा पटकावून त्यांनी तो बटवा उघडला, की त्यांची कुत्री तर उभी राहायचीच, पण उरलेली सात-आठ लॅब्रॅडॉरही आपापल्या मालकांकडे पाठ फिरवून मावशींकडे बघत बसायची. एकदा शेजारच्या कोटवाल्या बाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "अहो, हा वास कसला?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "वास नाय बाय, बोंबील हाय. देऊ का तुमच्या कुत्र्याला?" बाईंच्या कुत्र्याला हवाच होता.

मावशींचं माहेर समुद्रकाठच्या करंजाचं, कोळ्याच्या घरातलं. नवरा न्हावा शेवाच्या बंदरात क्रेनवर होता आणि घर पनवेलजवळ सुकापूरला. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याखाली कुत्र्यांची जागा, आणि चहूबाजूंनी मजल्यावर मजले चढवत निघालेल्या इमारती. बंदरातले एक साहेब बदली होऊन जाताना आपली लॅब्रॅडॉर कुत्री आणि तिच्या वंशावळीचे कागद मावशींच्या नवऱ्याच्या हवाली करून गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. "साएब गेला दिल्लीला न कुत्री आली आमच्या गल्यात," असं मावशी तक्रारीच्या सुरात सांगायच्या. पण ते इंग्रजी कागद कुणाकुणाकडून वाचून घेऊन त्यांनी चार पिढ्यांची नावं तोंडपाठ केली होती. त्यातला कुठला आजा कुठल्या आजीचा मावसभाऊ, हे त्या न अडखळता सांगायच्या. पुढे स्वतःची केनेल, म्हणजे कुत्र्यांच्या पैदाशीचं घराणं, नोंदवायची वेळ आली तेव्हा त्यांनी नाव दिलं 'करंजा'. इथे जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या कागदावरच्या नावाआधी 'करंजा' लागायचं. एक दिवस चॅम्पियनांच्या यादीत करंजाचं नाव छापून येणार, ही त्यांची एकच हौस होती आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नव्हती.

माझा कुत्र्यांशी संबंध म्हणजे दिसलं की रस्ता बदलायचा, एवढाच. मी पनवेलच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये टेक्निशियन होते. त्या काळात आमच्याकडे जनावरांचा एक्स-रे काढायची सोय कुठे नव्हती. मावशींनी आमच्या डॉक्टरांना कसं पटवलं देव जाणे (मला वाटतं ताज्या पापलेटांनी), पण दुपारी दोन ते चार सेंटर बंद असताना त्यांच्या कुत्र्यांचे एक्स-रे काढायचे असं ठरलं. ही माझी जेवणाची सुट्टी. पहिल्या दिवशी मी डबा हातात घेऊन भिंतीला चिकटून उभी होते. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, ती तुना खानार नाय. तुझ्या डब्यात वांगी हायेत."

बरोबर जनावरांचे डॉक्टर असायचे, ते गुंगीचं इंजेक्शन द्यायचे. मग कुत्र्याला टेबलावर उताणं निजवायचं, मागचे पाय सरळ ओढून धरायचे आणि कंबर अगदी सरळ आहे ना ते बघून प्लेट काढायची. मावशी शिशाचा एप्रन चढवून पुढचे पाय धरायच्या आणि दर वेळी कुरकुरायच्या, "हा काय एप्रन, हा तं होडीचा नांगर." काम झालं की टेबल फिनेलनं इतकं लख्ख पुसायच्या की चारला येणाऱ्या पेशंटला वाटायचं, काय स्वच्छता आहे!

हे सगळं खुब्यासाठी. लॅब्रॅडॉरच्या जातीत खुब्याचा सांधा उथळ असण्याचा दोष असतो, आणि तो वंशातून पिल्लांत उतरतो, कधी कधी आईबापांचे सांधे चांगले असले तरी. लहानपणी कळत नाही. कुत्रं उड्या मारतं, पळतं, बक्षिसंही आणतं, आणि पाच-सहा वर्षांनी उठता-बसता विव्हळायला लागतं. मावशींनी हे स्वतःच्या भाषेत बसवलं होतं: "वाटीत लाडू नीट बसला पायजे. वाटी उथल असली तं लाडू घरंगलनार." दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि वाटी-लाडू बघितल्याशिवाय त्यांच्याकडे कुठल्याच कुत्रीचं लग्न लागत नसे. हो, त्या लग्नच म्हणायच्या. नर बघायला गेल्या की नराकडे ढुंकूनही न बघता विचारायच्या, "याची आय कुठं हाय? ती आदी दाखवा." एका गृहस्थांनी चषकांचं कपाट उघडून दाखवलं, तर म्हणाल्या, "भांडी ऱ्हाऊ द्या. म्हातारी जिना उतरते का, ते बगू." लोक हसायचे, पण म्हातारीला जिन्यावरून उतरवून दाखवायचेही.

शेवंती ही मावशींच्या घरात जन्मलेली. साहेबांच्या कुत्रीची लेक, सायीच्या रंगाची, आणि चालायला लागली की माझ्यासारखी भित्रीसुद्धा बघत राहावी अशी. तिचं कागदावरचं नाव 'करंजा गोल्डन शेवंती'. माइकवरून ते पुकारताना निवेदकाची जीभ वळायची नाही, पण टाळ्या पडायच्या. चॅम्पियन व्हायला निरनिराळ्या परीक्षकांकडून तीन सर्टिफिकेटं लागत. शेवंतीनं दोन मिळवली होती. तिसरं येत्या हिवाळ्यात नक्की, असं सगळेच म्हणत. पुण्याच्या नराशी सोयरीक ठरली होती, त्याची आई जिना उतरून दाखवून पास झाली होती. तेवढ्यात शेवंतीला दोन वर्षं पूर्ण झाली आणि मावशी तिला घेऊन दुपारी दोनला आमच्याकडे आल्या.

डार्करूममध्ये फिल्म धुताना मला आधी दिसलं. उजवा सांधा छान होता. डाव्या बाजूची वाटी उथळ होती आणि लाडू निम्मा बाहेर. एव्हाना मला बघून बघून कळायला लागलं होतं. ओली फिल्म हातात धरून मी तशीच लाल दिव्यात उभी राहिले. बाहेर मावशी गुंगीतल्या शेवंतीचे कान कुरवाळत बसल्या होत्या. जनावरांचे डॉक्टर फोनवर बोलायला पायरीवर गेले होते.

मी बाहेर आले, फिल्म दाखवली. मावशींना सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा उतरला आणि मला ते बघवेना. मी जे बोलले ते आजही मला तोंडपाठ आहे. मी म्हणाले, "मावशी, ती अजून गुंगीत आहे. आपण दुसरी प्लेट काढू. कंबर थोडी वळवून धरली की डावी वाटी खोल दिसते. उजवी थोडी उथळ दिसेल, पण ती चांगली आहे, तिला चालेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "दिसंल गो. पन आसंल का?"

मग त्यांनी शेवंतीला उचलून रिक्षात घातलं. टेबल पुसायचं मात्र विसरल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जे केलं, त्यावरून डॉग शोवाल्या मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. पुण्याला फोन करून लग्न मोडलं. शेवंतीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. असं ऑपरेशन झालेली कुत्री रिंगमध्ये चालत नाही, म्हणजे तिसरं सर्टिफिकेटही गेलं. मीसुद्धा न राहवून सुकापूरला जाऊन भांडले. "ऑपरेशन चार महिन्यांनी करता आलं असतं! आधी चॅम्पियन होऊ द्यायची, मग करायचं. त्यात कुठे खोटं होतं?"

"ती चांपियन झाली, तं तिच्या भावंडांचा भाव वाढंल," मावशी म्हणाल्या. "चांपियनची भैन, चांपियनचा भाऊ, करून लोकं लग्नं लावतील. मंग किती घरांत लंगडी पिल्लं जातील, त्याचा पाप कोनाचा?" त्या घरोघर जाऊन भावंडांच्या मालकांना भेटल्या, फिल्म दाखवली, सांगितलं की आधी एक्स-रे काढा, नाहीतर लग्न लावू नका. शेवंतीच्या आईचंही त्यांनी पुढे लग्न लावलं नाही. करंजाचा वंश त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला. मी भांडून निघाले त्या दिवशी मला निरोप द्यायला त्या फाटकापर्यंत आल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "जा आता, तुझी ड्यूटी हाय."

त्यानंतरही ओळखीपाळखीच्या लोकांची कुत्री घेऊन त्या आमच्याकडे यायच्या. पण एक नवी सवय लागली होती. मी बटण दाबायच्या आधी मावशी वाकून, डोळा बारीक करून कुत्र्याची कंबर सरळ आहे ना ते बघायच्या. बाकी डब्यातली वांगी मागून घ्यायच्या, माझ्या लग्नाची चौकशी करायच्या, सगळं पूर्वीसारखंच. फक्त तेवढं एक वाकून बघणं. ते मला इतकं लागायचं की दोन-दोन दिवस अन्न गोड लागत नसे, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

भावंडांपैकी एकाचा, सुलतानचा मालक मात्र ऐकणाऱ्यातला नव्हता. नवीन पनवेलचे बँकेतले गृहस्थ. "माझा कुत्रा हरणासारखा पळतो, एक्स-रे कसला?" असं म्हणून त्यांनी मावशींना दारातूनच परत पाठवलं होतं. दीड-दोन वर्षांनी तो सुलतान चॅम्पियन झाला. मी त्या शोला मावशींबरोबर गेले होते. माइकवरून 'करंजा सुलतान' पुकारलं गेलं. फोटोसाठी परीक्षक उभे राहिले, मालक उभे राहिले, आणि रिवाजाप्रमाणे पैदास करणाऱ्यांनाही बोलावणं आलं. लोक मावशींना पुढे ढकलायला लागले. मावशी गेल्या. सुलतानच्या तोंडाला तोंड लावलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग मालकाला म्हणाल्या, "साएब, कुत्रा सोन्यासारखा हाय. पन त्याचा फोटो काडाचा तं आदी आतला काडा. तवर मी ह्या फोटोत उभी ऱ्हानार नाय." आणि सरळ रिंगच्या बाहेर आल्या. ज्या फोटोची त्यांनी इतकी वर्षं वाट बघितली, त्यात त्या नाहीत. 

मावशींचे यजमान निवृत्त झाले, सुकापूरची जागा इमारतीत गेली, आणि मावशी शेवंतीला आणि तिच्या म्हाताऱ्या आईला घेऊन करंजाला राहायला गेल्या. त्यांना दम लागायला लागला होता. पनवेलला येणं बंद झालं. फोन व्हायचे, ते शेवंतीच्या तब्येतीचे. थंडीत तिचा डावा पाय आखडायचा.

आणि एक दिवस दुपारी दोनला सेंटरचं शटर कुणीतरी ठोठावलं. बाहेर ते बँकवाले गृहस्थ, सुलतान आणि जनावरांचे डॉक्टर. गृहस्थ माझी नजर चुकवत म्हणाले, "त्या बाई फोटोत उभ्या राहिल्या नाहीत, ते डोक्यातून जात नाही. काढा एकदाचा." त्या दिवशी वाकून बघायला कुणी नव्हतं. मी सुलतानची कंबर तीनदा तपासली, मान वाकडी करून, डोळा बारीक करून. फिल्म धुतली. दोन्ही वाट्या खोल होत्या, दोन्ही लाडू नीट बसलेले. खात्री व्हावी म्हणून दुसरी प्लेट काढली, तीही तशीच.

मी तिथूनच करंजाला फोन लावला. मला वाटलं मावशी आनंदानं ओरडतील. तसं झालं नाही. मला कळलं, आता त्या विचारणार, कंबर सरळ धरली होतीस ना.  मीच म्हणाले, "मावशी, मी रविवारी फिल्म घेऊन येते. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा."

"नको," मावशी म्हणाल्या. "तू बगलीस ना? मंग झाला."

फोन ठेवून मी डार्करूममध्ये गेले, दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या.