धाकटीचं तेल आणि भाऊजींची गाडी

माझी धाकटी लेक तळणाच्या उरलेल्या तेलापासून गाडीचं इंधन करते. कॉलेजमागच्या शेडमध्ये तिची भट्टी आहे. बेकरीतून अंड्यांची टरफलं आणायची, धुवायची, पांढरी फटक होईपर्यंत भाजून पूड करायची. ही पूड तेलात आणि मेथनॉलमध्ये घालून गरम करत ढवळली की बायोडिझेल होतं. पूड संपत नाही, गाळून पुन्हा वापरता येते. हे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन.

माझा जीव मात्र मेथनॉलमध्ये अडकलेला. भडकन पेटतं, पोटात गेलं तर डोळे जातात.

"चष्मा घातलास का गं?"

"आई, मी तेल करते, बॉम्ब नाही."

पण तिचं तेल आजवर बाटलीतच राहिलं होतं. इंजिन कोण देणार? शेवटी भाऊजी तयार झाले. मालाची ती एकच गाडी, त्यावर त्यांचं घर चालतं. तरी "पुतणीला नाही द्यायची तर कुणाला?" असं सांगत गावभर फिरले. गाडी बंद पडली तर त्यांनी खायचं काय? आणि पोरीला पुन्हा दारात कोण उभं करणार?

ठरल्या दिवशी मीही शेडमध्ये गेले. भाऊजी टाकी रिकामी करून आले होते. धाकटीनं थोडं इंधन काचेच्या नळीतल्या मेथनॉलमध्ये टाकून हलवलं. सगळं विरघळायला हवं होतं. तळाशी तेलाचा थेंब बसला.

"एवढ्याशा थेंबानं काय होतंय? ओत," भाऊजी म्हणाले.

"नाही काका, कच्चं राहिलंय. फिल्टर तुंबेल."

"मग माल काय डोक्यावरून नेऊ?"

तिचे डोळे भरले, पण तिनं कॅन सोडला नाही. भाऊजी कुणाकडून तरी डिझेल मागून तणतणत गेले.

चूक नंतर तिलाच सापडली. भाजलेली पूड तिनं निवायला उघडी ठेवली होती. आमच्या घरी गरम भांड्यावर झाकण घालत नाहीत, वाफेचं पाणी सुटतं म्हणून. या पुडीला मात्र हवाच बाधते. हवेतला ओलावा पिऊन ती मरते.

तिनं पूड पुन्हा भाजली, घट्ट बंद डब्यात निववली, तेच तेल पुन्हा चढवलं. या वेळी नळी नितळ. भाऊजी फोन उचलेनात, तेव्हा नळी घेऊन थेट त्यांच्या दारात गेली. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"तू शेजारी बसणार असशील तर ओततो."

बसली की! मला विचारलंसुद्धा नाही.

दुपारपासून मी फोन करतेय. अखेर तिनं उचलला.

"आई, चढावर आहोत, गाडी भरलेली आहे. काका म्हणतात, वहिनींना आवाज ऐकव."

मी कान लावून बसले. इंजिनातलं मला काही कळत नाही. घरघर थांबत नव्हती, तेवढंच ऐकत राहिले.