स्वखुशीने

"धनगराला मोकळी हवा लागती. मधल्या आळीत ऱ्हायले असते तर म्हैन्याभरात तितं लेंड्यांचा सडा पडला असता."

संस्थेचे सचिव आबा हे बोलले आणि शिक्षकांच्या खोलीत बसलेली सगळी कमिटी हसली. मी खिडकीजवळ टाइपरायटरवर होते. त्या खोलीत धनगर मी एकटीच, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, राग नगा मानू. तुमी आता आमच्यातल्याच." परत हसू झालं.

मी पण हसले. हे आधीच सांगून टाकते. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. तोंड आपोआप उघडलं आणि हसू बाहेर आलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नव्वदीची सुरुवात होती. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी आमचं गाव. जुनं गाव धरणात गेलं, हे नवं वसवलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळाचा कळस वर येतो आणि लोक होडीतून बघायला जातात. मी गावातल्याच हायस्कुलात तात्पुरती कारकून होते. एसटीनं बारामतीला हेलपाटे घालून टायपिंगची परीक्षा पास झाले होते. मला कायम करायचा अर्ज आबांच्या टेबलावर पडून होता. घरात पगारी नोकरीचं माणूस मी पहिलंच.

शाळेचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता. स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात गावाचा इतिहास. तो लिहिला होता आमच्या निवृत्त गुरुजींनी. पाचवीत मला घरातून ओढून शाळेत परत आणणारे हेच गुरुजी. चांगले गृहस्थ. हे मी टोमण्यानं म्हणत नाही. वाईट माणसानं लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी गुरुजींनी कमिटीला वाचून दाखवलं आणि कागद माझ्याकडं दिले. टाइप करून बारामतीच्या छापखान्यात पाठवायचे होते. एका पानावर वाक्य होतं. "पुनर्वसनाच्या वेळी धनगर बांधवांनी आपल्या व्यवसायाची गरज ओळखून गावाबाहेरील मोकळी जागा स्वखुशीने पसंत केली." मी 'जागा'पर्यंत टाइप केलं आणि बोटं थांबली.

कारण मला आठवत होतं. तेव्हा मी सात वर्षांची असेन. सरकारनं माळावर प्लॉट आखले होते. त्या नकाशात पाटलाची आळी नव्हती, धनगरवाडा नव्हता, बौद्धवाडा नव्हता. नुसते नंबर. साहेबांनी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. आम्हाला पंधरा नंबर आला. नव्या मारुतीच्या देवळासमोर, अगदी गावाच्या मध्यावर. माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, चुन्याच्या फक्कीनं चार कोपऱ्यांवर खुणा केल्या. आईनं तीन दगड मांडून चहा केला. मी तिथं आठ दिवस लंगडी खेळले.

मग माणसं यायला लागली. कुणी दमदाटी केली नाही. बसायची, तंबाखू मळायची, तात्यांच्या हातावर ठेवायची. म्हणायची, तात्या, तुमाला तितं करमायचं न्हाय. मेंढरांना जागा लागती. नवव्या दिवशी आईनं चुलीचे दगड उचलले आणि आम्ही ओढ्याकडंच्या कडेला गेलो. पंधरा नंबरवर आता आबांच्या चुलत्यांचं दुकान आहे.

आमच्याकडं तेव्हा एकही मेंढरू नव्हतं. चरायची रानं पाण्यात जाणार म्हणून तात्यांनी सगळा कळप आधीच विकला होता. हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. तरी सगळे मेंढरांची काळजी करत होते, आणि तात्या मान डोलवत होते.

पावसाळा यायच्या आत गावानं नंबरांची अदलाबदल केली आणि बुडालेलं गाव जसंच्या तसं परत बांधलं. कोण कुणाच्या शेजारी, कोण किती लांब, विहिरीवर कुणाची वाट कुठून. कुणाच्या हातात जुन्या गावाचा नकाशा नव्हता. एक माणूस सांगत होता आणि बाकीचे ऐकत होते असंही नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात एकच गाव होतं. धरणासारखी एवढी मोठी गोष्ट झाली, सगळं नव्यानं मांडायची संधी आली, आणि आम्ही मिळून ती घालवली. मला लोक विचारतात की यात एवढं संशय घेण्यासारखं काय आहे, सगळे राजी होते ना. सगळे राजी होते, याचाच मला संशय येतो.

संध्याकाळी घरी जाऊन तात्यांना ते पान वाचून दाखवलं. त्यात आणखी एक वाक्य होतं, की गावानं धनगरांना आसरा दिला. त्यावर तात्या भडकले. "आसरा? आरं, नारळ घिऊन यायचे आमच्या वाड्यावर. आदी आमच्या रानात मेंढरं बसवा म्हनून हातापाया पडायचे." ते खरंच होतं. मेंढरं रात्रभर शेतात बसली की रान खतवतं, म्हणून शेतकरी आधीपासून सांगून ठेवायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. तात्या बराच वेळ त्या दिवसांचं सांगत राहिले. कुणाच्या रानात किती रात्री, कुणाची ज्वारी कशी आली.

'स्वखुशीने' या शब्दावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. मीच विचारलं, मग पंधरा नंबर का सोडला? त्यांनी कोपऱ्यातली काठी उगीच इकडची तिकडं केली.

"तितं आपुन शोभलो नसतो, पोरी."

मला रडू आलं नाही, राग आला. आबांचा नाही, तात्यांचा. रान खतवायची गोष्ट सांगताना ताठ होणारा हा माणूस देवळासमोरच्या चार कोपऱ्यांत स्वतःला बघूच शकला नव्हता. त्याच्या डोक्यातही तेच गाव होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना म्हटलं की हे वाक्य खोटं आहे. त्यांनी शांतपणे कपाटातून अदलाबदलीचा अर्ज काढून दाखवला. खाली तात्यांची सही. वळणदार, एकेक अक्षर सुटं, प्रौढ वर्गात शिकलेली. गुरुजी म्हणाले की गावाला जे मान्य असतं तोच गावाचा इतिहास, आणि इथं तर तुझ्या वडिलांनाही मान्य आहे. कागद खरा होता, सही खरी होती, तरी वाक्य खोटं होतं.

दुपारी आबांनी कमिटीसमोरच बोलावलं. माझा अर्ज समोर ठेवला आणि त्यावर पेन आडवा ठेवला. "बाई, तेवढं पान संपवा. सोमवारी सही करतो."

घरी आईनं पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवलं होतं. मी म्हटलं, "आबा, ज्यांच्याकडं एक मेंढरू नव्हतं त्यांनी मेंढरांसाठी जागा कशी पसंत केली, तेवढं मला सांगा. मग टाइप करते."

या वेळी कुणी हसलं नाही. आबांनी पेन उचलून खिशाला लावला. मी टाइपरायटरमधला अर्धवट टाइप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि दुसरं काम शोधायला बारामतीच्या एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहिले.

अर्जाचं काय व्हायचं ते झालं. महिन्याभरात मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्लांटवर पिशव्या भरायच्या कामाला लागले. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला लागले, सुट्टीला गावी यायचे. स्मरणिका निघाली. वाक्य जसंच्या तसं छापलं होतं. आमच्याच वस्तीतल्या लोकांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवली, पाहुण्यांना दाखवायला लागले, आपल्या समाजाचं नाव आलंय म्हणून. शाळेत पोरं ते पान मोठ्यानं वाचायला लागली. आता त्या पोरांना दुसरं काही आठवणार नाही, कारण त्यांनी दुसरं काही बघितलेलंच नाही.

मग मी एक वही केली आणि सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायला लागले. चिठ्ठीत तुमचा नंबर कितीचा निघाला होता आणि आता तुम्ही कुठं राहता? मधल्या आळीत मला चहा मिळायचा, उत्तर मिळायचं नाही. आता कशाला उकरायचं, असं म्हणायचे. आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळानं वेगळंच सुचवलं. म्हणाले, ताई, आपले पूर्वज राजे होते असं लिहा, आपण छापू. मी विचारलं, राजाला ओढ्याकाठी कुणी नेऊन बसवलं? त्यानंतर त्यांनी मला बोलावणं बंद केलं.

आमच्याही पलीकडं, ओढा ओलांडून, बौद्धांची घरं. तिथं मी सगळ्यात शेवटी गेले. का शेवटी, ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. यमुनाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाट आत सरकवला. इतक्या वर्षांत त्या घराच्या उंबऱ्याआत मी पहिल्यांदाच बसले होते.

"आमचा बावीस नंबर," त्या म्हणाल्या. "शाळंला चिकटून. पोरं शिकतील म्हनून लई आनंद झालता."

मी विचारलं, मग सोडायला कुणी लावला? त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला हे ठाऊक नसेल यावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

"तुझाच बाप आलता समजवायला. लई गोड बोलला. म्हनला, तितं तुमाला करमायचं न्हाय."

मी वही मिटली. त्यांनी ओंजळभर शेंगा दिल्या त्या घेतल्या, घरी आले. तात्या ओट्यावर बसले होते. मी उभ्यानंच विचारलं, तुमी यमुनाबाईंकडं गेला हुता का? ते म्हणाले, व्हय. मी म्हटलं, आपला प्लॉट सोडायच्या आदी का नंतर?

तात्या ओढ्याच्या पलीकडं बघत राहिले.

"नंतर."

पुढं त्यांनी सांगायला सुरुवात केली, आबांनी धाडलं होतं, नाही कसं म्हणायचं, सगळंच जागच्या जागी बसलेलं बरं असतं. मी ऐकून घेतलं. मग त्यांना म्हटलं की हे मी लिहिणार आहे, नावासकट.

"मी मेल्यावर लिही."

"न्हाय तात्या. तुमी हाय तवरच लिहिणार. चुकीचं लिहिलं तर चूक म्हनायला तुमी समोर पायजे."

दोष आबांचाच असं धरून वहीचं पहिलं पान मी त्यांच्यासाठी मोकळं ठेवलं होतं. त्यावर मी माझ्या बापाचं नाव घातलं. खाली लिहिलं, पंधरा नंबर चिठ्ठीत आला, आठ दिवस राहिलो, सोडला. मग बावीस नंबरवाल्यांना सोडायला लावला. ते पान यमुनाबाईंना आणि तात्यांना वाचून दाखवलं. तात्या उठून आत गेले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता मी मधल्या आळीत परत जाणार आहे. या वेळी चहा घेणार नाही. आधी माझ्या बापाचं पान त्यांच्यापुढं वाचणार, आणि मग त्यांचा नंबर विचारणार.